अकरा बेचाळीसचा नकाशा

१

फ्लेक्सची गुंडाळी सुटली आणि पळसखोरीची अख्खी ग्रामसभा पुढे सरकली.

गावाचा नकाशा चांगला सहा फूट रुंद छापून आला होता. त्यावर बारा विहिरींचे बारा निळे ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याशेजारी पाण्याच्या खारेपणाचा आकडा होता. एका विहिरीभोवती मोठं लाल वर्तुळ होतं. ते जिथे, तिथे शुक्रवारी चुन्याच्या फक्कीची रेघ पडणार होती आणि पावसाचं पाणी जमिनीत जिरवणारा खड्डा खणला जाणार होता. खड्डा बुलढाण्याची एक संस्था बांधून देणार होती, आणि तो एकच होता.

वर्तुळ नऊ नंबरवर असणार हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. वडनेर भोलजीपासून सहा किलोमीटरवरचं हे गाव खारपाणपट्ट्यातलं, आणि नऊ नंबर म्हणजे बौद्धवाड्यातली विहीर, बारांमध्ये सगळ्यात खारी. नळाला सहाव्या दिवशी पाणी येई. मधले पाच दिवस चाळीस घरं याच विहिरीवर काढत.

पण फ्लेक्सवरचं वर्तुळ चार नंबरभोवती होतं. चार नंबरची विहीर रंगरावांच्या शेतात होती, आणि नकाशा काढणारी डिंपल ही रंगरावांची पुतणी.

"हे काय होय, डिंपल?" पाणी समितीचे अध्यक्ष शंकरराव उभे राहिले. "शनिवारी साडेअकराले तू मले कम्प्युटरवर दाखवलं. गोल नवाले होता. मी सोताच्या डोयानं पाह्यलं."

"मीही तसाच सेव्ह केला, काका."

शंकररावांनी समितीच्या खोलीत बसणाऱ्या हरिओमला फाईल पाहायला सांगितली. हरिओम ऑपरेटर होता, आकडे भरणं आणि फाईल छापायला पाठवणं त्याच्याकडे असे. तो आत गेला, खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "शनिवार, अकरा बेचायीस."

"तवा खोलीत कोन होतं?"

"डिंपल एकटीच. मी जेवाले गेलतो."

मागून कोणीतरी म्हणालं, "बारा मिनटात गोल काकाच्या वावरात. गाडीपेक्षाही जोरात गेला." दोघंतिघं हसले. डिंपल हसली नाही आणि रडलीही नाही.

शंकररावांनी खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "येत्या सोमवारपासून ही पोरगी त्याच संस्थेत नोकरीले लागून राह्यली. शुक्रवारी त्याईचा इंजिनियर आला का मी त्याच्या हाती पत्र देतो. असं मानूस पाण्याच्या कामाले ठेवू नका म्हनून."

मागच्या ओळीत शंकररावांची धाकटी बहीण मंजुश्री बसली होती. बुलढाण्याच्या कॉलेजात एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून ती निवृत्त झाली होती आणि चार दिवसांसाठी माहेरी आली होती. डिंपल तिचीच विद्यार्थिनी. गोंधळ चालू असताना मंजुश्री डिंपलच्या ओठांकडे पाहत होती. फ्लेक्सवरचे आकडे पोरगी एकेक करून मनाशी वाचत होती, आणि वाचता वाचता तिच्या कपाळावर आठी पडत होती.

२

"किल्ली दे, दादा," गुरुवारी सकाळी चहा पिताना मंजुश्री म्हणाली.

"काऊन? तुही विद्यार्थिनी हाय म्हनून?"

"नाही. नऊ नंबरचं पाणी मीही प्यायले आहे म्हणून. खड्डा नऊवर व्हायचा तर चारवर तो कसा गेला हे आधी कळायला पाहिजे."

"कसा गेला हे तं सारं गाव जानते. मंजू, वाड्यातले लोक मले इचारतीन, अध्यक्ष आपला अन् पानी त्याइचं कसं. मी काय सांगू?"

"खरं झालं ते सांग. फक्त आधी मला ते शोधू दे."

शंकररावांनी बशी खाली ठेवली, किल्ली काढून तिच्यासमोर सरकवली. "उद्या दहा वाजता इंजिनियर येते. तोपर्यंत."

डिंपल तिला ग्रामपंचायतीच्या पाठीमागच्या ओट्यावर भेटली. चेहरा ओढलेला होता, पण बोलणं सरळ होतं.

"मॅडम, लाल गोल मी हातानं लावत नाही. ज्या विहिरीचा आकडा सगळ्यात मोठा, तिच्याभोवती तो आपोआप येते. मी तशीच सोय करून ठेवली हाय."

"म्हणजे गोल हलला, तर आकडाच हलला असणार."

"हाव. फ्लेक्सवर चारचा आकडा दोन हजार तीनशे दहा हाय. चार नंबर कधीच हजाराच्या वर गेली नाही. मले समजूनच नाही राह्यलं."

"शनिवारी अकरा बेचाळीसला फाईल तूच तयार केलीस?"

"हाव. ग्रामसभेसाठी नवीन नावानं, 'अंतिम' म्हणून. अन् साडेबाराच्या गाडीनं बुलढाण्याले गेली, नोकरीचे कागद द्याले. परत आली ते बुधवारीच."

"नंतर कोणी बदलली असेल तर तारीख बदलायला हवी होती."

"हवी होती," डिंपल म्हणाली. "म्हणून तं मले माहीच बाजू मांडता येऊन नाही राह्यली. तारीख माही हाय, मॅडम. पन नकाशा माहा नाही."

मंजुश्रीने दोन्ही वाक्यं वहीत एकाखाली एक लिहिली. तारीख खरी असेल तर नकाशा डिंपलचा होता, आणि नकाशा तिचा नसेल तर तारीख खोटी होती. एकतीस वर्षांच्या प्रयोगशाळेत तिने एक गोष्ट पाळली होती: दोन मोजमापं एकमेकांशी भांडली की आधी मोजणारं उपकरण तपासायचं, माणूस नंतर.

फ्लेक्सवरचे बाराही आकडे तिने वहीत उतरवून घेतले आणि रंगरावांच्या घराकडे निघाली.

३

रंगराव अंगणात बैलाच्या खुराला औषध लावत होते. मंजुश्रीला पाहून त्यांनी हात धुतले, खाट पुढे केली, पण आवाजातली कडवट धार लपली नाही.

"या मॅडम. चोराच्या घरी आल्या."

"मी विचारायला आले. खड्डा तुमच्या शेतात झाला तर तुम्हाला काय मिळेल?"

"मले? माही अर्धा एकर तूर जाईन. माह्या विहिरीले काय रोग हाय, का तिले खड्डा लागते? उद्या त्या इंजिनियरले मी बांधावरच थांबवतो."

"हे काल सभेत का नाही बोललात?"

"बोलू देल्लं कोनं? पोरीकडं पाहून लोक हासत होते, तवा माह्या तोंडून शिव्याच निघाल्या असत्या. म्हनून उठून आलो."

तेवढ्यात त्यांची बायको अन्नपूर्णाबाई डोक्यावर हंडा घेऊन फाटकातून आत आली. घामाने पदर भिजला होता. रंगरावांच्या घरासमोरच एक नंबरची विहीर होती, हाकेच्या अंतरावर. हंडा मात्र तळ्याकडच्या वाटेने आला होता.

"वहिनी, इतक्या लांबून?" मंजुश्रीने विचारलं.

"बारा नंबरवरून. वरनाले तेच पानी लागते ना." अन्नपूर्णाबाईने हंडा उतरवला. "या समोरच्या विहिरीच्या पान्यात तुरीची दाय शिजते का कधी? दोन घंटे उकया, टणकच्या टणक. तुमच्या माय बी बारावरूनच आनत होत्या, इसरल्या का?"

मंजुश्री विसरली नव्हती. आईच्या हंड्यामागे लहान कळशी घेऊन तीही त्या वाटेने चालली होती. जड पाण्यात डाळ शिजत नाही याचं कारण ती पुढे कॉलेजात शिकली, पण गोष्ट तिला आठव्या वर्षापासून माहीत होती.

"अजूनही बारा नंबरच गोड आहे?"

"कालच्या वरनाले इचारा," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "बसा, खाऊनच जा."

मंजुश्रीने वही उघडली. फ्लेक्सवर एक नंबरचा आकडा होता चारशे वीस, म्हणजे गावातलं सगळ्यात गोड पाणी. आणि बारा नंबरचा अकराशे चाळीस.

ती वहीकडे पाहतच राहिली. काल सगळं गाव एका लाल वर्तुळाकडे बघत बसलं होतं. वर्तुळ एकटं हललं नव्हतं. नकाशावरचं सगळं पाणीच जागचं हललं होतं.

४

समितीची खोली तिने दुपारी एकला उघडली. शंकररावांना तिने साक्षीला बसवलं. डिंपलला सांगितलं, "तू कशालाही हात लावायचा नाही. मी विचारीन तेवढंच सांगायचं."

कम्प्युटरआधी ती भिंतीकडे गेली. तिथे खिळ्याला एक वाकडी तार होती आणि तारेत चिठ्ठ्या ओवलेल्या होत्या. दर सोमवारी बेबीताई बारा विहिरी फिरत, पेनासारखं मीटर पाण्यात बुडवून खारेपणा मोजत आणि चिठ्ठीवर आकडे लिहून हरिओमला देत. हरिओम ते कम्प्युटरमध्ये भरी आणि चिठ्ठी तारेत ओवी. आधीचे आकडे पुसून त्याच जागी नवे येत. जुने फक्त तारेत उरत.

सगळ्यात वरची चिठ्ठी या सोमवारची होती. आकडे ओळीने एकाखाली एक होते, पुढे विहिरीचे नंबर नव्हते. चारशे वीस, आठशे सत्तर, तेराशे ऐंशी, दोन हजार तीनशे दहा.

मंजुश्रीने वही शेजारी धरली. फ्लेक्सवरचे आकडे, एक ते बारा, अगदी तेच होते. एकही इकडचा तिकडे नाही.

"दादा, ही चिठ्ठी कधीची?"

"सोमवारची. वर तारीख हाय ना."

"आणि नकाशा कधीचा?"

"शनिवारचा." शंकरराव बोलून गेले आणि थांबले. मग चष्मा काढून त्यांनी चिठ्ठी स्वतः हातात घेतली.

"शनिवारच्या नकाशाला सोमवारचं पाणी कसं माहीत?" मंजुश्रीने शांतपणे विचारलं.

तिने खुर्ची ओढली. आधी मूळ फाईलची प्रत पेनड्राइव्हवर काढून तो शंकररावांच्या खिशात ठेवला. मग डिंपल सांगेल तसं नकाशाचं सॉफ्टवेअर उघडलं आणि नकाशाचं शीर्षक काळ्याचं हिरवं केलं, फक्त खूण म्हणून. तो नकाशा तिने नव्या नावाने एक्सपोर्ट केला. फाईलसमोर तारीख आली: गुरुवार, एक वाजून सतरा मिनिटं.

"बरोबर हाय," शंकरराव म्हणाले.

"आता तोच नकाशा जुन्या नावावर." सॉफ्टवेअरने विचारलं, या नावाची फाईल आहे, बदलायची का. तिने हो म्हटलं. क्षणभर चक्र फिरलं. मग तिने फाईल उघडली. शीर्षक हिरवं होतं, म्हणजे आतलं चित्र आत्ता, या मिनिटाला बदललं होतं.

तारखेच्या रकान्यात लिहिलं होतं: शनिवार, अकरा बेचाळीस.

डिंपलचा हात तोंडावर गेला. शंकरराव पुढे वाकले. "पुन्हा कर," ते म्हणाले. मंजुश्रीने शीर्षक निळं करून पुन्हा केलं, मग लाल करून तिसऱ्यांदा. नकाशा तीनदा बदलला, पण तारीख शनिवारवरून हलली नाही.

"म्हंजे हे तारीख खोटं बोलते?"

"तिला एकच गोष्ट माहीत आहे, दादा. फाईल पहिल्यांदा कधी तयार झाली, तेवढीच. हे सॉफ्टवेअर जुन्या फाईलमध्ये नवं चित्र ओततं आणि बाहेरची तारीख तशीच ठेवतं. आमच्या लॅबमध्ये पोरं असंच करायची. बाटलीत नवं द्रावण भरायचं आणि लेबल मागच्या महिन्याचं. लेबलावर विश्वास ठेवून मी एकदा अख्ख्या वर्गाचा प्रयोग वाया घालवला होता."

शंकररावांनी पडद्यावर बोट ठेवलं. "मंग शनिवारनंतर ओतलं कोनं?"

दाराबाहेर चपलांचा आवाज झाला आणि थांबला. हरिओम उंबऱ्यात उभा होता. त्याने पडद्यावरचं शीर्षक पाहिलं, तारीख पाहिली आणि जागच्या जागी वळला.

"हरिओम," मंजुश्री म्हणाली, "आत ये. बस."

५

हरिओम बसला. गुडघे जवळ घेऊन, खुर्चीच्या अगदी कडेवर.

"सोमवारी आकडे कधी भरलेस?"

"चार वाजता."

"भरल्यावर काय केलंस?"

"काही नाही." त्याने डिंपलकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "बटन दाबलं. एक्सपोर्टचं. डिंपलनंच शिकवलं हाय, आकडे भरले का बटन दाबाचं, म्हंजे नकाशा ताजा होते. दर सोमवारी दाबतो."

"अन् ते बटन शेवटच्या नावानं सेव्ह करते," डिंपल हळूच म्हणाली. "शेवटचं नाव 'अंतिम' होतं. हे मी त्याले सांगाले पाह्यजे होतं, मॅडम."

"छापायला पाठवताना पाहिलं नाहीस?" मंजुश्रीने हरिओमला विचारलं.

"नाही. मंगळवारी नांदुऱ्याले धाडून देल्लं. बुधवारी फ्लेक्स उलगडला तवा चारवरचा गोल मी बी पाह्यला. म्हनलं, सोमवारच्या बटनानं काहीतरी झालं. शंकररावकाकानं तारीख पाहाले लावली तवा मी मरतच आत गेलो. अन् पाहतो तं शनिवार." त्याने पडद्यावरची तारीख दाखवली. "मशीननंच मले सोडवलं, मॅडम. मंग मी काऊन बोलू?"

"तुले सोडवलं अन् मले पकडवलं," डिंपल म्हणाली. "कालपासून तू माह्यासमोरून चहा पिऊन जाऊन राह्यला, हरिओम."

हरिओमने मान वर केली नाही. "चहा उतरत नव्हता," तो म्हणाला.

शंकरराव उठले, बसले, पुन्हा उठले. "पन यानं आकडे बदलवले नाही ना? चिठ्ठीवर जे तेच भरले?"

"तेच भरले, काका. मायची शप्पथ."

"मग चिठ्ठीच चुकली," शंकरराव म्हणाले. "बेबीताईनं चुकवली. आता तिचं काय?"

मंजुश्रीने तारेतून त्याआधीच्या सोमवारची चिठ्ठी काढली. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. मग या सोमवारच्या चिठ्ठीतला एकेक आकडा ती खालून वर वाचू लागली आणि दुसऱ्या चिठ्ठीवर बोट वरून खाली उतरवू लागली. अकराशे चाळीस, अकराशे तीस. एक हजार साठ, एक हजार साठ. बाराशे दहा, बाराशे.

बोट नवव्या ओळीवर आलं तेव्हा ती थांबली. "दोन हजार तीनशे दहा," ती म्हणाली. "इकडे दोन हजार दोनशे ऐंशी. बेबीताईंचं मोजमाप अगदी चोख आहे. मला त्यांना फक्त एक प्रश्न विचारायचा आहे."

६

शुक्रवारी दहाला इंजिनियर फक्कीची गोणी घेऊन आला, तेव्हा अर्धं गाव नऊ नंबरवर जमलं होतं. शंकररावांनीच सगळ्यांना तिथे बोलावलं होतं. रंगरावही आले, पण लांब, निंबाखाली उभे राहिले.

बेबीताई विहिरीच्या काठावर बसल्या होत्या, मीटर साडीच्या कमरेला खोचलेलं. मंजुश्रीने विचारलं, "बेबीताई, या सोमवारी फेरी कुठून सुरू केलीत?"

"बारापासून. उलटी गेली ना मी."

"का?"

"एक नंबरवर मोटर लावून चिखल काढून राह्यले होते. म्हने, सारं पानी गढूय हाय, दुपारून या. मंग म्हनलं, तोवर उगीच काऊन थांबा? बारापासून सुरू केलं अन् एकवर संपवलं."

"आणि लिहिलं?"

"जशी चालली तशी लिवलं. वरून खाली." बेबीताईंनी सगळ्यांकडे पाहिलं. "चुकलं का माह्यं?"

"नंबर लिहिले नाहीत."

"बारा विहिरी मी पंधरा वर्षांपासून पाहून राह्यली, मंजुताई. नंबर कायले लिवाचे? कोनती खारी अन् कोनती गोडी, मले झोपेत इचारा."

मंजुश्री हसली. "तुम्हाला माहीत आहे. कम्प्युटरला माहीत नाही, आणि हरिओमलाही नाही. तो दर वेळेसारखे एकपासून भरत गेला. बाराचा आकडा एकवर बसला, एकचा बारावर. नऊचा जाऊन बसला चारवर, आणि लाल गोल त्याच्यामागे गेला. त्यात डिंपलचा हात नव्हता, रंगरावांचाही नव्हता. सगळ्यांनी आपापलं काम नेहमीसारखंच केलं. तारखेने तेवढी आपली दिशाभूल केली."

"हे पटवाले अजून एक गोष्ट लागते," शंकरराव म्हणाले. "मोजा, बेबीताई. सर्वाइसमोर."

बेबीताईंनी बादली सोडली, भरून वर ओढली आणि मीटर बुडवलं. इंजिनियरने वाकून वाचलं, "दोन हजार तीनशे वीस." मग सगळी माणसं चालत चार नंबरवर गेली. रंगरावांनी स्वतः फाटक उघडलं. तिथे आकडा आला नऊशे ऐंशी.

"माह्या तुरीवर पाय नका देऊ फक्त," रंगराव म्हणाले, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा लोक त्यांच्याबरोबर मोकळं हसले.

अकराच्या सुमारास नऊ नंबरजवळच्या काळ्या मातीवर फक्कीचं पांढरं वर्तुळ पडलं. हरिओमने गोणी धरली होती. डिंपलने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण फक्की कमी पडली तेव्हा दुसरी गोणी तिनेच ओढून त्याच्यापुढे ठेवली.

दुपारी समितीच्या खोलीत तिने नकाशा नव्याने काढला. या वेळी तिने खाली उजव्या कोपऱ्यात चित्रातच एक ओळ टाकली: पाणी कोणत्या तारखेला मोजलं, कोणी मोजलं. तेवढ्या वेळात बेबीताईंनी हरिओमकडून बारा ओळींचा कागद आखून घेतला, पुढे नंबर घालून. "आता उलटी जाओ का आडवी," त्या म्हणाल्या, "तुही बोंब नको."

शंकरराव टेबलाशी बसले होते. बुधवारी रात्रीच लिहून ठेवलेलं पत्र त्यांच्यापुढे होतं. मंजुश्रीला वाटलं, ते दोन ओळी खोडतील, एक शब्द वर लिहितील आणि तोच कागद पुढे करतील. कागद वाया घालवणं त्यांना कधी आवडलं नव्हतं. त्यांनी पत्राच्या दोन घड्या केल्या, फाडलं आणि तुकडे खिशात टाकले.

मग वहीतून कोरा कागद काढला, वर आजची तारीख घातली, आणि डिंपलकडे न पाहता विचारलं, "तुह्यं पूर्न नाव सांग, बाई. नीट लिवतो."